पलटण ‘शंभर टक्के’ जिंकणार म्हणजे नेमकी किती टक्के?

उजनीच्या बॅकवॉटरच्या गावांत प्रो कबड्डीवरून वाद सुरू झाला की तो दोन वाक्यांत आकड्यावर येतो. आणि आकडा कायम एकच असतो. “यंदा पलटण शंभर टक्के.” समोरचा तेवढ्याच जोरात सांगतो, “शंभर टक्के ढेपाळतीय बघ.” हंगाम संपतो, दोघांतला एक पूर्णपणे चुकलेला असतो, पण पुढच्या वर्षी दोघं परत त्याच पारावर, त्याच आकड्यासकट हजर.

तुमच्यातले बरेच जण सध्या पेटची किंवा सेट-नेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत संभाव्यता शिकवायला नाणी, फासे आणि पिशवीतल्या रंगीत गोट्या असतात. मला वाटतं, त्या गोट्यांनी आपलं बरंच नुकसान केलंय. त्यांच्याबद्दल कुणाचंच काही मत नसतं, त्यामुळे स्वतःच्या मताला आवर कसा घालायचा हे त्यांतून शिकताच येत नाही. कबड्डीच्या टीमबद्दल मात्र प्रत्येकाचं मत असतं. म्हणून आज उदाहरण पुणेरी पलटणचं.

आधी ‘आपली टीम’ म्हणजे कुठली, ते सांगतो. सोलापूरची प्रो कबड्डीत टीम नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सोलापूर रॉयल्स नावाची क्रिकेट टीम होती, पण सामने सगळे पुण्याजवळ गहुंजेला. त्यामुळे करमाळा-माढ्याच्या काठावरच्या गावांत निष्ठा वाटल्या गेल्यात. ज्यांचे भाऊ-चुलते मुंबईला नोकरीला, ती घरं यू मुंबाची. बाकीची बहुतेक पलटणची. पलटणवाल्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो: मुळा-मुठेचं पाणी भीमेतून शेवटी आपल्याच धरणात येतं, पुण्याची घाण आपण सोसतो, मग पुण्याची टीम आपली का नाही? याला उत्तर नाही.

आता मुद्द्यावर. गेल्या चार हंगामांत पलटण तीन वेळा अंतिम फेरीत गेली. नवव्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, जयपूरकडून ३३-२९ अशी हार. दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये, हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद. अकराव्यात अंतिम फेरी सोडाच, पहिल्या सहातही जागा नाही. बाराव्यात, ३१ ऑक्टोबर २०२५ ला, दिल्लीकडून ३१-२८ अशी हार.

पारावर या तीन फायनल्सच्या तीन वेगवेगळ्या कथा आहेत. पहिली ‘अनुभव कमी पडला’, दुसरी ‘जिगर दाखवली’, तिसरी ‘दडपण आलं’. आता कथा बाजूला ठेवून फक्त फरक बघा: उणे चार, अधिक तीन, उणे तीन. कबड्डीत एक लोण चढला की दोन गुण जादा मिळतात. तीन किंवा कमी खेळाडू मैदानात असताना पकड झाली, तर एका पकडीचे दोन गुण. म्हणजे तीन-चार गुणांचा फरक हा चाळीस मिनिटांतल्या दोन-तीन क्षणांचा फरक आहे. बोट रेषेला लागलं की नाही, एवढ्यावर तो फिरतो. या तीन सामन्यांतली पलटण तीन वेगवेगळ्या दर्जाची होती, असं म्हणायला या आकड्यांत काहीच आधार नाही. निकाल जिंकला-हरला असा दोनच खणांत टाकला की आपण सगळ्यात उपयोगी माहिती फेकून देतो आणि मोकळी झालेली जागा कथेने भरतो. तुमच्या प्रयोगात ‘पी ०.०४९’ आला तर जल्लोष आणि ‘०.०५१’ आला तर सुतक, हा तोच प्रकार.

बरं, मग साखळी सामन्यांकडे जाऊ. तिथे सामने जास्त, म्हणजे नशिबाचा भाग कमी. पण किती कमी? हे मोजायला एक खोटी लीग बनवू. बारा टीम, प्रत्येक टीम बाकी अकरा जणींशी दोनदा खेळते, म्हणजे प्रत्येकी २२ सामने. आठव्यापासून अकराव्या हंगामापर्यंत रचना हीच होती. आता या लीगमधल्या बाराही टीम अगदी सारख्या ताकदीच्या आहेत असं धरा. प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक.

प्रत्येकीचे सरासरी ११ विजय होतील. प्रमाण विचलन काढायचं तर २२ गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे ५.५, त्याचं वर्गमूळ साधारण २.३. बारा जणींतली सगळ्यात वरची टीम सरासरीपेक्षा साधारण दीडपट ते पावणेदोनपट विचलनाने वर असते. म्हणजे सगळ्या सारख्या असूनही तक्त्यात पहिल्या क्रमांकाची टीम १५ च्या आसपास सामने जिंकते आणि शेवटची ७ च्या आसपास. एक्सेलमध्ये अर्ध्या तासात करून बघता येतं, जरूर करा. पहिल्यांदा केलं की थोडं भोवळल्यासारखं होतं. कारण १५ विजयांच्या टीमबद्दल आणि ७ विजयांच्या टीमबद्दल पारावर काय काय बोललं गेलं असतं, ते सगळं डोळ्यांसमोर येतं. आणि इथे तर नुसती नाणी होती.

दहाव्या हंगामात पलटणने २२ पैकी १७ जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत सुटले. एकूण ९६ गुण, तक्त्यात पहिली. नाण्याच्या लीगमध्ये एखाद्या टीमने १७ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता ०.८५ टक्क्याच्या जवळपास, म्हणजे हजारात आठ-नऊ वेळा. इथे बरेच विद्यार्थी थांबतात आणि लिहून टाकतात, “निष्कर्ष लक्षणीय आहे.” थांबू नका. आपण पलटणकडे का बघतोय? ती पहिली आली म्हणून! बारा टीमपैकी कुणीही पहिली आली असती तरी आपण तिच्याकडेच बघितलं असतं. म्हणून खरा प्रश्न असा की बारापैकी कुठल्या तरी एकीला १७ विजय मिळण्याची शक्यता किती. ती ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या जवळ जाते. हजारात आठ-नऊ आणि शंभरात दहा यांत फार अंतर आहे.

म्हणजे पलटण फक्त नशीबवान होती? अजून एक गोष्ट राहिली, बरोबरीचे तीन सामने. वरच्या हिशेबात मी ते ‘न जिंकलेले’ धरले, म्हणजे हरल्यासारखेच. ते वगळले, तर १९ निकाली सामन्यांत १७ विजय. नाण्याच्या लीगमध्ये याची शक्यता दहा हजारांत चारच्याही खाली. बारा टीमचा हिशेब धरला तरी हजारात चार-पाच. म्हणजे तोच हंगाम, तेच सामने, पण बरोबरीचं काय करायचं या एका निर्णयावर उत्तर दहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या खाली आलं. माझ्या मते वगळणं जास्त रास्त आहे, कारण बरोबरी ही हार नाही. पण मी पलटणवाला आहे, तेव्हा हे मत जरा जपूनच घ्या. म्हणूनच हा निर्णय आकडे बघण्याआधी लिहून ठेवायचा असतो. सिनॉप्सिसमध्ये विश्लेषणाची पद्धत आधीच का मागतात, असं वैतागून विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

आता अकरावा हंगाम. एवढी जबरदस्त टीम आणि पुढच्याच वर्षी पहिल्या सहातही नाही. पारावर दोन गट पडले. एक म्हणतो, कर्णधार अस्लम इनामदारला दुखापतीमुळे हंगाम अर्ध्यात सोडावा लागला, म्हणून झालं. दुसरा म्हणतो, विजेतेपद डोक्यात गेलं. तिसरं कारण मात्र कुणीच मांडत नाही, कारण त्यात कुणाला दोष देता येत नाही. कुठल्याही वर्षी पहिली येणारी टीम दोन गोष्टींमुळे पहिली येते: ती चांगली असते आणि त्या वर्षी नशीबही तिच्या बाजूने असतं. पुढच्या वर्षी चांगलेपणा बऱ्यापैकी सोबत येतो, नशीब नव्याने वाटलं जातं. म्हणून ती सरासरीकडे सरकते. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं.

मग कारण कुठलं, दुखापत की सरासरीकडे सरकणं? एका हंगामाच्या आकड्यांवरून या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. कुणी सुचवेल की अस्लम खेळलेले आणि न खेळलेले सामने वेगळे काढून तुलना करा. पण त्या दोन गटांतले प्रतिस्पर्धी वेगळे, हंगामाचा टप्पा वेगळा आणि दुखापतीआधीचे काही सामने तो कदाचित अंगावर काढून खेळला असेल. तुमच्या गाईडला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर आवडणार नाही असं वाटतं ना? कशामुळे सांगता येत नाही आणि काय मिळालं तर सांगता येईल, हे दोन्ही नीट मांडलं की चांगल्या गाईडला ते आवडतं.

प्रो कबड्डीच्या बारा हंगामांत विजेतेपद राखलं ते फक्त पाटण्याने, चौथ्या आणि पाचव्या हंगामात. म्हणजे अकरा संधींपैकी दोन. त्या टीममध्ये परदीप नरवाल होता, हेही लक्षात ठेवा. आणि यू मुंबावाल्यांनो, तुमची टीम पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत होती, २०१५ ला जिंकलीही. तिथून पुढे बाराव्या हंगामापर्यंत एकदाही अंतिम फेरी नाही. २०१६ च्या सुरुवातीला तुमच्या गटातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? शंभर टक्के.

मोजमापाबद्दलही थोडं बोलायला हवं. दहाव्या हंगामातले पलटणचे ९६ गुण आणि बाराव्यातले गुण यांची तुलना करायला जाल तर फसाल. आधी विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १ गुण मिळायचा. बाराव्यात विजयाला फक्त २ आणि बरोबरी टायब्रेकरने निकाली. सामनेही २२ ऐवजी १८. ‘प्लेऑफ गाठली’ या शब्दांचाही अर्थ बदलला. अकराव्यात पहिल्या सहा टीम पुढे जायच्या, बाराव्यात आठ. शब्द तेच राहतात आणि त्यांच्या खालची पट्टी सरकते. उजनीकाठच्या माणसाला हे खरं तर नव्याने सांगायची गरज नाही. आपल्याकडे धरण ‘उणे साठ टक्के’ असतं! बाहेरगावच्या मित्राला हे सांगा, तो हसतो. धरणात साधारण ६३ टीएमसी मृतसाठा आणि त्यावर साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्याची काढतात आणि शून्य मृतसाठ्याच्या वरच्या रेषेवर धरतात. म्हणून उणे साठ म्हणजे धरण कोरडं नव्हे, तीसेक टीएमसी पाणी असतंच. शून्य कुठे मांडलाय हे न विचारता टक्केवारीवर वाद घालणारे लोक पारावरही भेटतात आणि सेमिनारमध्येही.

धरणाचाच विषय निघाला आहे तर अंदाज कशावरून बांधायचा, हेही तिथूनच बघू. पावसाळ्यात आपल्याकडे जाणता माणूस आभाळाकडे बघत नाही, तो दौंडचा विसर्ग विचारतो. त्याहून जाणता बंडगार्डनचा विसर्ग विचारतो. कारण बंडगार्डनला वाढलेलं पाणी पुढे दौंडला आणि दौंडचं धरणात येणारच आहे. हा आकडा ज्याचा अंदाज करायचा त्याच्या वरच्या अंगाला आहे, आणि मधली वाट आपल्याला माहीत आहे. टीमच्या बाबतीत ‘मागच्या वर्षी फायनल हरली’ हा आकडा खालच्या अंगाचा, सगळं वाहून गेल्यावरचा. वरच्या अंगाला काय आहे? साखळीतला एकूण गुणफरक, म्हणजे किती गुण केले आणि किती दिले. एक गुणाने जिंकलेले पाच सामने आणि पंधरा गुणांनी जिंकलेले पाच सामने तक्त्यात सारखेच दिसतात, पुढच्या हंगामाबद्दल मात्र ते सारखं सांगत नाहीत. अमेरिकेत बिल जेम्सने बेसबॉलमध्ये हेच केलं: केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून टीमचे ‘व्हायला हवे होते तेवढे’ विजय काढले. कबड्डीसाठी हे मराठीत कुणी करायला घेतलं तर एमएस्सीचा छान प्रकल्प होईल. डेटा उघड्यावर आहे, खर्च शून्य.

आता तो ‘शंभर’चा आकडा. अंदाज बरोबर आला की चूक, एवढंच बघितलं तर ‘सत्तर टक्के’ म्हणणाऱ्याला कधीच न्याय मिळत नाही. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सोपी पट्टी दिली. अंदाज दशांशात लिहा, घटना घडली तर १, नाही तर ०. दोन्हींतला फरक काढा, वर्ग करा, सगळ्या अंदाजांची सरासरी घ्या. जितकी कमी तितकं चांगलं.

नवव्या ते बाराव्या हंगामासाठी ‘पलटण विजेती होईल’ या विधानावर ही पट्टी लावू. दरवर्षी शंभर टक्के म्हणणारा कट्टर: तीनदा १, एकदा ०, सरासरी ०.७५. दरवर्षी ‘सांगता येत नाही, निम्मं-निम्मं’ म्हणणारा: ०.२५. काहीच माहिती नसल्यासारखा बारात एक म्हणणारा: साधारण ०.२२. दरवर्षी पंचवीस टक्के म्हणणारा: ०.१९. पण हा शेवटचा गडी मी निकाल बघून बनवलाय, चारात एक विजेतेपद झालं म्हणून पंचवीस. तेव्हा त्याचं कौतुक नको, असा माणूस प्रबंधात दिसला तर परीक्षक त्याला उभा आडवा घेतात. कट्टर विरोधक, दरवर्षी शून्य टक्के म्हणणारा, त्यालाही ०.२५ मिळतात, निम्मं-निम्मंवाल्याइतकेच. हे मला पटत नाही. ‘शक्यच नाही’ असं म्हटलेली गोष्ट मार्च २०२४ मध्ये घडली, मग शिक्षा एवढी हलकी कशी? लॉगरिदमवर आधारलेली दुसरी पट्टी आहे, तिच्यात शून्य टक्के सांगितलेली गोष्ट घडली की दंड अनंत होतो. कुठली पट्टी वापरायची हा प्रश्न गणिताचा कमी आणि ‘कुठली चूक जास्त महाग’ याचा जास्त आहे.

कबड्डीत चूक महाग नसते, फार तर चहाचं बिल. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा होईपर्यंत मात्र काही पोरांचं दुधाचं बिल ॲपवरच्या टीममध्ये जायचं, आणि ते ‘शंभर टक्के’ फार महागात पडायचं. त्याहून मोठी गोष्ट उसाची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. धरण किती भरणार हे तेव्हा पक्कं ठरलेलं नसतं आणि पीक उभं राहतं दीड वर्ष. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या पुढेमागेच थांबली. “उजनी शंभर टक्के भरतीयच” म्हणून ज्यांनी पुढची लागण केली, त्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे साठच्या जवळ गेल्यावर मोटारी आणि पाईप पाण्यामागे सरकवत नेले. ऑगस्ट २०२४ मध्ये धरण शंभरीपार गेलं, आणि ‘भरतंयच की’ म्हणणारे परत बरोबर ठरले. त्यांना सत्तर की पंच्याण्णव असं आधी कुणी विचारलंच नव्हतं. या दोन आकड्यांत दोन एकर लावायचा की पाच, एवढा फरक पडतो.

तर यंदा करून बघा. माझ्या वहीतले पुढच्या हंगामाचे अंदाज हे असे. बारात एक, म्हणजे आठ टक्क्यांपासून सुरुवात केली आणि चारात तीन फायनल्स म्हणून वर सरकवलं. पलटण अंतिम फेरीत, २८ टक्के. पलटण विजेती, १४ टक्के, कारण उणे चार, अधिक तीन, उणे तीन बघितल्यावर फायनलमध्ये गेल्यावर निम्म्याच्या वर जायची माझी हिंमत नाही. पलटण साखळीत पहिल्या चारात, ५५ टक्के. यू मुंबा अंतिम फेरीत, १४ टक्के. निकाल धरायचा तो लीगच्या अधिकृत तक्त्यावरून, साखळी संपली त्या दिवशीच्या. नियम पुन्हा बदलले, टीम वाढल्या किंवा कमी झाल्या तरी ‘पहिल्या चारात’ हा निकष तोच. ‘प्लेऑफ’ हा शब्द वहीत मुद्दाम घातलेला नाही. तुमचे आकडे पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत खाली लिहा, नंतरचे धरले जाणार नाहीत. शंभर लिहिणाऱ्यांनाही बंदी नाही.